खाणकाम-पेट्रोलियमचा अभ्यासक्रम: नाव नव्हे, खाणीवर चालणारा दाखला बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-पीयूसीचे (कर्नाटकातल्या बारावीचे) निकाल लागले की ‘मायनिंग अँड पेट्रोलियम टेक्नॉलॉजी’ अशा भारदस्त नावाच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांबद्दल पालक विचारू लागतात. कम्युनिटी कॉलेजच्या योजनेखाली असे अभ्यासक्रम चालवता येतात आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, गोकाक या भागात ते चालावेत असे आम्हाला मनापासून वाटते. पण या क्षेत्रात नोकरी ठरते ती हातातला कागद खाणीच्या हद्दीत चालतो की नाही यावर. म्हणून काही गोष्टी स्पष्ट मांडतो.

पहिली गोष्ट पदविकेची. तंत्रनिकेतनात दहावीनंतर तीन वर्षांची खाणकाम पदविका असते. कम्युनिटी कॉलेजच्या योजनेत एका वर्षानंतर पदविका आणि दोन वर्षांनंतर प्रगत पदविका मिळते. त्यात साधारण ६० टक्के भाग कौशल्याचा आणि ४० टक्के सर्वसाधारण शिक्षणाचा असतो. दोन्हींना पदविकाच म्हणतात, पण खाण सुरक्षा महासंचालनालय, म्हणजे धनबादचे डीजीएमएस, या दोन्ही एका मापाने मोजत नाही. धातू व दगड खाणींसाठी १९६१ ची मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स आहेत. त्यांखाली मेट (मजुरांच्या टोळीवर देखरेख करणारा), ब्लास्टर (सुरुंग उडवणारा), फोरमन, सर्व्हेअर आणि द्वितीय व प्रथम श्रेणी व्यवस्थापक यांचे सक्षमता दाखले परीक्षा घेऊन दिले जातात. परीक्षेला बसण्यासाठी खाणीतल्या प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. मान्यताप्राप्त खाणकाम पदविका असेल तर अनुभवाची ही अट बरीच कमी होते. मान्यता नसेल तर होत नाही, मग प्रमाणपत्रावर कोणाचीही सही असो. म्हणून फी भरण्याआधी कॉलेजला एकच प्रश्न लेखी विचारा: ‘या अभ्यासक्रमामुळे डीजीएमएसच्या कोणत्या परीक्षेसाठी अनुभवात किती सवलत मिळते, आणि ते कोणत्या आदेशानुसार?’ आदेशाचा क्रमांक व तारीख हातात येत नाही तोवर तोंडी आश्वासनावर जाऊ नये.

हे दाखले दोन प्रकारचे असतात हेही पालकांना सहसा कोणी सांगत नाही. एक फक्त उघड्या खाणींपुरता, दुसरा भूमिगत खाणींसह सर्वांसाठी. उघड्या खाणीचा दाखला घेऊन रायचूर जिल्ह्यातल्या हट्टी सोन्याच्या खाणीत भुयारात पर्यवेक्षण करता येत नाही. कोळशाच्या खाणींची तर नियमावलीच वेगळी, २०१७ ची. तेलंगणातल्या सिंगरेणीच्या कोळसा खाणीत जायचे मनात असलेल्या मुलाने लोहखनिजाच्या खाणीत अनुभव गोळा करण्याआधी हे तपासावे.

आता मागणीचे. खाणी म्हटले की संडूर-होसपेटचे लोहखनिज नाहीतर गोवा एवढेच डोळ्यासमोर येते. तिथे काम आहे, पण चढउतारही आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बळ्ळारीतले खाणकाम २०११ मध्ये थांबले. गोव्यातले २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबले. फक्त लोहखनिजाच्या भरवशावर अभ्यासक्रम बांधला तर एका निकालाने पूर्ण तुकडी घरी बसते. आमच्या मते पहिला भर घराजवळच्या दगडखाणींवर असायला हवा. १९५२ च्या खाण कायद्यात मुरूम, जांभा, खडी, इमारती दगड यांच्या खाणींना बऱ्याच तरतुदींतून सूट आहे, पण तीन अटींवर: खोदाई ६ मीटरपेक्षा खोल नको, कामावर एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसे नकोत आणि स्फोटके वापरलेली नकोत. यातली एक अट मोडली तरी सूट जाते. काळ्या दगडाची खडी सुरुंगाशिवाय निघत नाही, म्हणजे क्रशरला दगड पुरवणारी बहुतेक प्रत्येक क्वारी कायद्याने खाण ठरते. तिथे दाखलाधारक मेट आणि ब्लास्टर लागतोच. खाण कायद्याचा विषय आता कामगारांच्या सुरक्षेवरील २०२० च्या संहितेत गेला आहे, म्हणून वर्गात जुनी नियमावली आणि नवी संहिता शेजारी ठेवून शिकवावी.

या भागाची जमीन म्हणजे भूविज्ञानाची तयार प्रयोगशाळा आहे. बेळगावच्या पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट आणि त्यावर जांभ्याची टोपी. चंदगड-राधानगरीच्या सड्यांवरचे बॉक्साइट याच टोपीत तयार झाले आणि बेळगावचा हिंडाल्कोचा अॅल्युमिना कारखाना त्यावरच उभा राहिला. गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली पडते ती कलादगी गटाच्या वालुकाश्म-क्वार्टझाइटवरून. पुढे यादवाड, लोकापूर, मुधोळकडे सिमेंटचा चुनखडक, त्यापुढे इलकलचा ग्रॅनाइट, आणि खानापूरच्या दक्षिणेला धारवाडचे जुने शिस्ट. एका दिवसाच्या बस प्रवासात इतके खडक हाताळायला मिळणारे जिल्हे फार नाहीत. फळ्यावर खडकांची नावे लिहून घेणारा अभ्यासक्रम इथे चालवणे म्हणजे हातातली संधी घालवणे आहे.

खडक ओळखण्याचा पोटापाण्याशी आणि जिवाशी थेट संबंध आहे. बेसाल्टमध्ये मोकळी सिलिका जवळजवळ नसते, गोकाकच्या क्वार्टझाइटमध्ये ती बहुतांश असते. श्वसनातून फुप्फुसात जाणाऱ्या धुळीची मर्यादा काढताना १५ ला धुळीतल्या सिलिकेच्या टक्क्यांनी भागतात. सिलिका ३० टक्के असेल तर घनमीटरला अर्धा मिलिग्रॅम, ७५ टक्के असेल तर ०.२ मिलिग्रॅम. यंत्र तेच, माणसे तीच, पण बेळगावजवळच्या खाणीत चालून गेलेली कोरडी ड्रिलिंगची सवय गोकाककडे सिलिकोसिस देऊ शकते. हा आजार बरा होत नाही. यावर उपाय म्हणजे ड्रिलच्या तोंडाशी पाणी किंवा धूळ ओढणारी टोपी, क्रशरच्या पट्ट्यावर फवारे आणि क्रशरची पडती बाजू पत्र्याने बंदिस्त करणे. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. कण पाच मायक्रॉनच्या आतले असतात.

प्रात्यक्षिक कसे असावे हे सुरुंगाच्या एका भोकावरून सांगतो, कारण सगळे शास्त्र त्या भोकात आहे. समजा ११५ मिलिमीटर व्यासाचे भोक आणि ६ मीटर उंचीची पायरी. मोकळ्या तोंडापासून भोकाच्या रांगेपर्यंतचे अंतर म्हणजे बर्डन. ते व्यासाच्या २५ ते ४० पट ठेवतात, इथे ३ मीटर धरू. रांगेतल्या दोन भोकांमधले अंतर साडेतीन मीटर. म्हणजे एका भोकाच्या वाट्याला ६३ घनमीटर, बेसाल्ट असेल तर पावणेदोनशे टनांच्या आसपास दगड आला. पायथा सपाट तुटावा म्हणून भोक पायरीच्या खाली बर्डनच्या साधारण ०.३ पट, म्हणजे ०.९ मीटर जास्त घेतात. एकूण खोली झाली ६.९ मीटर. वरचा भाग स्टेमिंगने, म्हणजे ठासलेल्या बारीक खडीने, बंद करायचा, बर्डनच्या ०.७ ते १ पट, म्हणजे २.१ ते ३ मीटर.

इथपर्यंत पुस्तकात असते. चुकते ते पुढे. ड्रिलचा मास्ट (उभा खांब) फक्त ५ अंश कलला तरी ६.९ मीटर खाली भोकाचे टोक ६० सेंटिमीटर सरकते. आत सरकले तर पायथ्याशी बर्डन ३.६ मीटर होते. तिथला दगड तुटत नाही, टो, म्हणजे पायथ्याचा न तुटलेला भाग, शिल्लक राहतो, पोकलेन त्यावर दात घासत बसतो आणि मग दुय्यम सुरुंग लावावे लागतात. तेच टोक बाहेर सरकले तर बर्डन २.४ मीटरवर येते आणि समोरून दगड उडतो. शेतात किंवा रस्त्यावर दगड पडल्याच्या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा दोनच कारणे असतात: पुढच्या रांगेचे न मोजलेले बर्डन आणि तोकडे किंवा चुकीचे स्टेमिंग. स्टेमिंगला भोकाच्या व्यासाच्या दहाव्या ते पंधराव्या हिश्श्याएवढी चिप्स लागते, इथे ८ ते १२ मिलिमीटरची. क्रशरवर तीच खडी ढिगाने पडलेली असते, तरी सोय म्हणून ड्रिलची भुकटी भरली जाते. भुकटी वायूचा दाब धरत नाही, नळीतून निघावी तशी वर निघून जाते. विद्यार्थ्याला शंभर व्याख्या पाठ नसल्या तरी चालतील, पण भरण्याआधी प्रत्येक भोकाची खोली टेपने मोजून वहीत लिहिण्याची सवय लागलीच पाहिजे.

न उडालेला सुरुंग हा दुसरा विषय. वात वापरली असेल तर अर्धा तास आणि विजेने उडवले असेल तर तारा उगमापासून सोडवल्यावर किमान ५ मिनिटे कोणी जवळ जायचे नाही, जागा कुंपणाने बंद करायची. न उडालेले भोक उकरायचे नसते. त्याला समांतर, कमीत कमी ३० सेंटिमीटर अंतरावर नवे भोक घेतात आणि तेही अधिकृत ब्लास्टरच्या देखरेखीखाली. आधीच्या सुरुंगाच्या उरलेल्या बुडात पुन्हा ड्रिल लावणे सर्वांत घातक, कारण त्या बुडात स्फोटक शिल्लक असू शकते. ज्या कॉलेजकडे परवानाधारक खाणीशी लेखी करार नाही त्याने सुरुंगकामाचे प्रात्यक्षिक जाहिरातीत छापू नये. वर्गात रिकाम्या पीव्हीसी नळीत वाळू आणि चिप्स भरून स्टेमिंगचा फरक दाखवता येतो. खरे काम खाणीतच शिकायचे.

सुरुंगांमुळे घरांच्या भिंतींना तडे गेल्याची भांडणे इथल्या गावागावांत आहेत. त्यावरही शिकलेल्या हातांची गरज आहे. डीजीएमएसच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार खाणमालकाच्या नसलेल्या घरांसाठी कंपनाची मर्यादा वारंवारतेनुसार बदलते: ८ हर्ट्झच्या खाली सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झमध्ये १० आणि त्यावर १५. कंपन एकूण स्फोटकापेक्षा एका क्षणी उडणाऱ्या स्फोटकावर जास्त अवलंबून असते. म्हणून भोके ठरावीक मिलिसेकंदांच्या अंतराने उडवतात. भूकंपमापक ठेवून ग्रामपंचायतीसमोर छापील आलेख ठेवता येणारा मुलगा गावाला आणि खाणमालकाला, दोघांनाही उपयोगी पडेल. आम्हाला हे कौशल्य व्यवस्थापकाच्या पदवीइतकेच मोलाचे वाटते.

नमुने घेणे हे दुर्लक्षित काम आहे आणि मुलींनी त्यात यावे असे आम्ही आग्रहाने सांगू. (२०१९ पासून स्त्रियांना लेखी संमतीने भूमिगत खाणीत तांत्रिक व पर्यवेक्षणाच्या कामावर आणि उघड्या खाणीत रात्रपाळीलाही ठेवता येते. ‘खाणीत बायकांना बंदी’ हे आता जुने झाले.) गाभा-ड्रिलिंगमध्ये दीड मीटरच्या फेरीत १.३५ मीटर गाभा हाती आला तर रिकव्हरी ९० टक्के. १० सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांची बेरीज केली की खडकाचा दर्जा कळतो. बॉक्साइटमध्ये मेख अशी की पाण्याने ड्रिल केले तर मऊ चिकणमाती धुऊन जाते, पेटीत कठीण तुकडे राहतात आणि अहवालात सिलिका खरी आहे त्यापेक्षा कमी दिसते. कारखान्यात हीच सिलिका कॉस्टिक सोडा खाते. म्हणून कमी रिकव्हरीच्या फेऱ्या सरासरीत गुपचूप मिसळायच्या नाहीत, वेगळ्या नोंदवायच्या. ढिगाचा नमुना शंकू करून चार भाग पाडत समोरासमोरचे दोन भाग ठेवत कमी करायचा; खालची बारीक माती झाडून पूर्ण उचलली नाही तर नमुना फुकट गेला.

आता पेट्रोलियम. इथे प्रामाणिक राहायला हवे. कर्नाटकात तेलाचे उत्पादन नाही. तेलविहिरींवरची कामे मुंबई हाय, गुजरात, राजस्थानातले बाडमेर, कृष्णा-गोदावरी खोरे आणि आसाम इथे. बेळगावात शिकून तिथे जाणे अशक्य नाही, पण एका वर्षाच्या पदविकेवर कोणी थेट रिगवर (तेलविहीर खोदणाऱ्या यंत्रावर) ड्रिलर करत नाही. सुरुवात रौस्टाबाउट (रिगवरचा साधा मजूर) किंवा मड, म्हणजे ड्रिलिंगच्या वेळी विहिरीत फिरवतात तो चिखलासारखा द्रव, त्याच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसापासून होते. मडची प्रयोगशाळा मात्र कुठल्याही कॉलेजला परवडेल. ३५० मिलिलिटर पाण्यात २२.५ ग्रॅम बेंटोनाइट घोळून मड तयार करायचे, मार्श फनेलमधून (ठरावीक मापाच्या नरसाळ्यातून) सुमारे ९४६ मिलिलिटर वाहून जायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. साध्या पाण्याला २६ लागतात. मग मड बॅलन्सवर वजन घ्यायचे, आधी गोड्या पाण्यावर ८.३३ पौंड प्रति गॅलन येते की नाही ते पाहून. हे रोज करणाऱ्याला रिगवरचा आकडा बोलका होतो. १० पौंडांचे मड आणि ८,००० फूट उभी खोली असेल तर तळाशी दाब ०.०५२ × १० × ८,००० म्हणजे ४,१६० पीएसआय. विहीर बंद केल्यावर ड्रिलपाइपवर ४१६ पीएसआय दिसले तर मड ११ पौंडांपर्यंत जड करावे लागणार. टाकीतली पातळी आपोआप वाढणे, पंप थांबवूनही प्रवाह चालू राहणे, ड्रिल एकाएकी वेगाने खाली जाणे ही किकची, म्हणजे खालचा वायू किंवा तेल विहिरीत घुसल्याची, लक्षणे. त्यावेळी फिरवणे थांबवायचे, पाइप तळापासून उचलायचा, पंप बंद करायचा, प्रवाह आहे का ते बघायचे आणि बीओपी (विहिरीच्या तोंडावरची सुरक्षा झडप) बंद करायचा, या क्रमाने. ‘आधी साहेबांना विचारतो’ इथे चालत नाही. पाइप घाईने ओढल्यानेही किक येते, हे नव्या मुलांना पटकन पटत नाही.

घराजवळचे पेट्रोलियम म्हणजे गॅस. दाभोळ-बेंगळुरू गॅसवाहिनी २०१३ पासून बेळगाव-धारवाडमधून जाते आणि शहरांत घरगुती पाइप गॅसचे जाळे पसरते आहे. त्यासाठी जोडणी करणारे, गस्त घालणारे, गंजरोधक यंत्रणा तपासणारे लागतात. पोलादी नळीचे कॅथोडिक संरक्षण ठीक आहे की नाही हे तांबे-मोरचूद इलेक्ट्रोडने बघतात, उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त ऋण हवे. रस्त्याखालच्या पिवळ्या एमडीपीई (प्लास्टिकच्या) नळीत इलेक्ट्रोफ्यूजनचा, म्हणजे विजेच्या उष्णतेने वितळवून जोडण्याचा, सांधा करताना बाहेरचा थर सुमारे ०.२ मिलिमीटर खरवडायचा, अल्कोहोलच्या पुसणीने पुसायचा, मग हात लावायचा नाही, क्लॅम्प लावायचा आणि थंड होईपर्यंत हलवायचा नाही. खरवडण्याचा कंटाळा केला तर सांधा वरून सुरेख दिसतो, दाबचाचणीतही उत्तीर्ण होतो आणि काही महिन्यांनी सोलून निघतो. घरातला दाब फक्त २१ मिलिबार, पण मिथेन हवेत ५ ते १५ टक्के झाला की ठिणगी पुरते. एलपीजी जड असल्याने जमिनीलगत साचतो, पाइपचा गॅस हलका असल्याने छताखाली. गळती शोधताना मीटर कुठे धरायचा ते यावरूनच ठरते.

भाषेबद्दल थोडे. मराठी माध्यमाच्या मुलाला त्रिकोणमिती येते, ‘डिप’ आणि ‘स्ट्राइक’ (खडकाच्या थराचा उतार आणि दिशा) इंग्रजीत आले की तो गडबडतो. पहिले सहा महिने संकल्पना मराठीतून आणि संज्ञा इंग्रजीतूनच शिकवाव्यात. सोबत कामापुरती कानडी आणि हिंदी हवीच. भोंगा वाजल्यावर ‘बाजूला व्हा’ हे ज्या मजुराला सांगायचे तो रायचूरचा असेल नाहीतर झारखंडचा. सीमाभागातल्या मुलाला या तीन भाषा आधीच कानावर असतात, हा त्याचा मोठा फायदा आहे. तो अर्जात लिहावा.

ज्यांना तीन वर्षांची पदविका हवी त्यांना केजीएफचे स्कूल ऑफ माइन्स आहे. महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण प्रवेशनियमांत वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा उमेदवारी प्रकार आहे, त्यातून नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनाचाही विचार करता येतो. त्यासाठी रहिवासाचे आणि मातृभाषेचे प्रमाणपत्र लागते. ते जूनमध्ये धावपळ करून मिळत नाही, मार्चमध्येच काढून ठेवावे.

कॉलेज चालवणाऱ्यांना एक विनंती. प्रवेश देतानाच प्रत्येक विद्यार्थ्याच्या छातीचा एक्स-रे, फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी आणि श्रवणचाचणी करून त्याची प्रत विद्यार्थ्याच्या हातात द्यावी. खाणीत लागताना प्राथमिक तपासणी होते आणि नंतर ठरावीक मुदतीने पुन्हा. पण सुरुवातीचा स्वतःचा कागद नसेल तर पुढे आजार कामामुळे झाला हे सिद्ध करताना मजुराची बाजू लंगडी पडते. हे कागद घरी जपून ठेवायला पालकांनाही सांगावे.

आपले,
खाणकाम व भूविज्ञान शिकवणारे आणि या क्षेत्रात काम करणारे काही वाचक
बेळगाव